विमानतळापुरती फ्रेंच: सोलापुरात बसून 21 दिवसांत कशी शिकावी

माझ्या हातात 80 नंबरचं टोकन होतं. पॅरिसला उतरल्यावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, माझी बॅग काही आली नाही, म्हणून तक्रारीच्या काउंटरसमोर बसले होते. पुकारा झाला, ‘कात्र-व्हँ’. कात्र म्हणजे चार आणि व्हँ म्हणजे वीस, एवढं मला ठाऊक होतं. चार नि वीस, चोवीस. आपला नंबर नाही म्हणून मी बसून राहिले. पुन्हा तोच पुकारा झाला, मग पुढचा नंबर गेला आणि माझी पाळी हुकली.

फ्रेंचमध्ये कात्र-व्हँ म्हणजे चार विसा, म्हणजेच ऐंशी. आपल्याकडची जुनी माणसं विसांत मोजतात, अगदी तसंच. चोवीसला ते ‘व्हँत-कात्र’ म्हणतात, आधी वीस आणि मग चार. मराठी कान मात्र ‘चार-वीस’ ऐकला की चोवीसच धरतो, कारण आपल्या चोवीसात चार आधी येतो.

त्या दिवशी मला शंभरेक शब्द येत होते, पण कान तयार नव्हता. म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या काकू फ्रान्समधल्या लिओँ शहरात मुलीकडे जायला निघाल्या, तेव्हा मी त्यांची तयारी वेगळ्या क्रमानं करून घेतली: ऐकणं आधी, बोलणं नंतर. तोच क्रम इथे देते. तुम्ही पॅरिसला जाणार असा, जिनिव्हाला किंवा कॅनडातल्या माँट्रियलला, त्याचा उपयोग होईल.

पहिली पायरी: वही प्रवासाच्या क्रमानं लावा

बाजारातल्या पुस्तकांत ‘रंग’, ‘फळं’, ‘नातेवाईक’ असे धडे असतात. विमानतळावर सफरचंदाचं नाव कुणी विचारत नाही. दोनशे पानी वही घ्या आणि एकेका मुक्कामाला एक पान द्या: उतरल्यावरच्या पाट्या, पासपोर्ट, बॅग, कस्टम, खाणं, पुढची गाडी, आणि परत येतानाचं बोर्डिंग. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे समोरचा माणूस काय म्हणेल ते, उजवीकडे तुम्ही काय म्हणाल ते. पुस्तकात बहुधा फक्त उजवी बाजू असते. प्रश्नच कळला नाही तर पाठ केलेलं उत्तर कुठे लावायचं?

एका पानावर पाचापेक्षा जास्त वाक्यं नकोत. काकू शिक्षिका होत्या, त्यांना पानं भरायची सवय. मी हट्टानं पाचावर थांबवलं.

दुसरी पायरी: आवाज देवनागरीत लिहून घ्या

इथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे. फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणतात. ‘टेर्मिनाल’ नव्हे, ‘तेर्मिनाल’. ‘ल’, ‘द’, ‘झ’ हे तिथले रोजचे छोटे शब्द आपल्या एकाच अक्षरात मावतात. रोमन लिपी बघून वाचायला गेलात तर फसाल, कारण शेवटची बरीच अक्षरं ते उच्चारत नाहीत. पॅरिस म्हणजे ‘पारी’, डिपार्चरच्या पाटीवर शेवटी टी-एस असतं पण म्हणायचं ‘देपार’.

चार आवाजांवर मात्र मेहनत घ्यावी लागते. पहिला, नाकातला. हिंदीत ‘हाँ’ आणि ‘माँ’ म्हणताना आवाज नाकात जातो, तसाच. मी त्याला चंद्रबिंदू देते: बोँ, साँ, व्हँ. शेवटी न किंवा म स्पष्ट ऐकू आला तर चुकलं.

दुसरा र. तो जिभेच्या टोकाचा नाही, घशाचा आहे. सोलापुरातल्या विजापूर वेशीत कुणी खानदानी उर्दूत ‘ग़रीब’, ‘ग़ज़ल’ म्हणताना ऐका, त्यातला पहिला ग़ हा फ्रेंच र च्या अगदी जवळचा. काकूंना हा एका संध्याकाळीत साधला, कारण शाळेत त्यांच्या शेजारी उर्दू शिकवणाऱ्या बाई बसत. साधला नाही तरी आपला र चालतो, समोरच्याला कळतं.

तिसरा झ. हा ‘झाडा’तला झ नाही. ‘श’ म्हणा आणि तसंच म्हणत असताना गळ्यातून आवाज काढा. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागेल. नमाज़, बाज़ार यातला ज़ वेगळा, तो मी नुक्ता देऊन लिहिते.

चौथा, ओठांचा. तोंडात ‘ई’ धरा आणि ओठ ‘ऊ’सारखे करा. वहीत मी तो ‘यु’ असा लिहिते आणि खाली एक ठिपका देते, म्हणजे ओठ आठवतात. आरशासमोर पाच मिनिटं पुरेत.

अजून एक गोष्ट. शब्द एकमेकांना चिकटतात. ‘ले’ आणि ‘आरीव्हे’ मिळून ‘ले-ज़ारीव्हे’ होतं, मधे ज़ येतो. संधी शिकलेल्या माणसाला यात नवल नाही.

तिसरी पायरी: बोँझूर, आणि मगच बाकीचं

फ्रान्समध्ये नमस्कार न करता प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानतात. काउंटरवरचा माणूस असो, सफाई करणारी बाई असो की पोलीस, आधी ‘बोँझूर मादाम’ किंवा ‘बोँझूर मस्यो’, त्यांचं उत्तर ऐका, मग काम सांगा. संध्याकाळी ‘बोँस्वार’. एवढ्यानं समोरच्याचा चेहरा बदलतो, मग तो इंग्रजीत बोलायलाही तयार होतो. तू आणि तुम्हीचा भेद त्यांच्यातही आहे: ‘त्यु’ आणि ‘व्हू’. विमानतळावर सगळ्यांना ‘व्हू’च. ‘सिल व्हू प्ले’ म्हणजे शब्दशः ‘तुम्हाला आवडत असेल तर’, आपलं ‘कृपया’.

या जोडीला तीन वाक्यं जिभेवर अशी बसवा की झोपेतून उठवलं तरी यावीत:

‘झ न कोँप्राँ पा’ – मला समजलं नाही.
‘प्ल्यु लाँतमाँ, सिल व्हू प्ले’ – जरा सावकाश बोला.
‘व्हू पूव्हे लेक्रीर?’ – लिहून देता का?

यातलं तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वही आणि पेन पुढे करून हे म्हटलं की गेटचा नंबर, वेळ, पत्ता सगळं कागदावर येतं आणि कान चुकला तरी गाडी चुकत नाही.

चौथी पायरी: आकडे आणि अक्षरं, यांना निम्मा वेळ द्या

एकवीस दिवसांतले दहा दिवस मी काकूंकडून फक्त आकडे करून घेतले. गेट, वेळ, पट्टा, रांग, टोकन, पैसे, विमानतळावर जे ऐकायचं ते बहुतेक आकड्यांतच असतं.

एक ते दहा: अँ, दो, त्र्वा, कात्र, सँक, सीस, सेत, व्ईत, नफ, दीस. सात आणि सेत, नऊ आणि नफ, दहा आणि दीस, दूरचं नातं कानाला लगेच जाणवतं. ‘दो’मधला ओ आपला नाही, ‘ए’ म्हणताना ओठ गोल करायचे.

अकरा ते सोळा: ओँज़, दूज़, त्रेज़, कातोर्ज़, कँज़, सेज़. मग दीस-सेत, दीज़-व्ईत, दीज़-नफ, आणि व्हँ म्हणजे वीस. तीस त्राँत, चाळीस काराँत, पन्नास सँकाँत, साठ स्वासाँत. इथपर्यंत सरळ आहे. सत्तरला नवा शब्द नाही, ‘स्वासाँत-दीस’, साठ-दहा. बहात्तर ‘स्वासाँत-दूज़’, साठ-बारा. ऐंशी चार विसा, नव्वद ‘कात्र-व्हँ-दीस’, चार विसा दहा. जिनिव्हाला जाणाऱ्यांची सुटका आहे, तिथे सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. बेल्जियममध्येही तेच.

चुकायच्या जोड्या वेगळ्या लिहा. सीस आणि दीस. त्रेज़ आणि सेज़. कात्र-व्हँ आणि व्हँत-कात्र. आणि वेळेची सगळ्यात धोक्याची जोडी: दोन वाजता म्हणजे ‘दो-ज़र’, बारा वाजता म्हणजे ‘दूज़-अर’. नीट ऐकलं नाही तर दहा तासांचा फरक. सुदैवानं तिथे वेळ चोवीस तासांच्या घड्याळात सांगतात, दुपारचे दोन म्हणजे ‘कातोर्ज़ अर’. रेल्वेचं वेळापत्रक वाचणाऱ्याला ते सवयीचं आहे.

सरावाला मी एक जुनीच गोष्ट वापरली: हौजी. हौजीत एक ते नव्वद आकडे असतात, नेमके तेवढेच आपल्याला हवेत. रात्री जेवणं झाली की गच्चीवर चटई टाकायची, आमच्या वाड्यातली चार पोरं गोळा करायची आणि आकडे फ्रेंचमध्ये पुकारायचे. पहिल्या दिवशी काकूंच्या तिकिटावर चुकीच्या घरांत शेंगदाणे पडले. चौथ्या दिवशी ‘कात्र-व्हँ-कँज़’ असं मी मुद्दाम पुकारलं, पंच्याण्णव, जो हौजीत नसतोच. काकू म्हणाल्या, “अगं, पिशवीत नसलेला नंबर कसा काढतेस?” तेव्हा मला कळलं की कान तयार झाला.

आता अक्षरं. नाव किंवा बुकिंगचा कोड सांगताना आणि गेट ऐकताना ती लागतात. एक जागा फार फसवी आहे: इंग्रजीतल्या जी ला फ्रेंचमध्ये ‘झे’ म्हणतात आणि जे ला ‘झी’. अगदी उलट. इंग्रजी आय हे ‘ई’, आणि इंग्रजी ई हे ओठ गोल केलेलं ‘अ’. के म्हणजे ‘का’, एच म्हणजे ‘आश’, वाय म्हणजे ‘ई-ग्रेक’, डब्ल्यू म्हणजे ‘दुब्ल-व्हे’. तिथल्या वेगवान रेल्वेला टी-जी-व्ही म्हणतात, उच्चार ‘ते-झे-व्हे’. स्वतःचं आडनाव या अक्षरांत रोज तीनदा म्हणा.

पाट्या

यावर एक संध्याकाळ पुरे. पाट्यांवर बहुधा इंग्रजीही असते, पण घाईत डोळा पहिली ओळ वाचतो. ‘सोर्ती’ (एस-ओ-आर-टी-आय-ई) म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता, ‘कोरेस्पोँदाँस’ म्हणजे पुढचं विमान पकडणाऱ्यांचा. पत्रव्यवहाराशी त्याचा इथे संबंध नाही. विमानातून उतरल्यावर पहिला निर्णय या दोन पाट्यांतच होतो, पुढचं विमान असेल तर सोर्तीकडे वळू नका. ‘बागाझ’ सामान, ‘पोर्त’ गेट, ‘व्होल’ विमानाची फेरी, ‘दुआन’ कस्टम, ‘नाव्हेत’ ने-आण करणारी गाडी, ‘त्वालेत’ समजलंच असेल. नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पाणी पिण्याचं, ‘पोताब्ल’च्या आधी ‘नोँ’ असेल तर नाही.

पॅरिसचा मोठा विमानतळ, शार्ल द गोल, 1974 साली सुरू झाला. तिथे तीन टर्मिनल आहेत आणि त्यातलं दुसरं ए पासून जी पर्यंतच्या भागांत पसरलेलं आहे. टर्मिनलांमधे एक चालकविरहित गाडी फुकट फिरते. म्हणून तिकिटावरचं ‘2 ई’ किंवा ‘2 एफ’ हे फ्रेंच अक्षरांत ऐकायची सवय हवी.

पासपोर्टची रांग

अधिकारी फार बोलत नाहीत. तीनच प्रश्न डावीकडे लिहा: ‘ल मोतीफ द व्होत्र सेझूर?’ कशासाठी आलात. ‘कोँब्यँ द ताँ रेस्ते-व्हू?’ किती दिवस राहणार. ‘व्हू लोझे ऊ?’ कुठे उतरणार. वाक्य बदललं तरी मोतीफ, कोँब्यँ, ऊ हे तीन शब्द कानात पडले की काम झालं.

काकूंची उत्तरं अशी: ‘झ व्यँ व्ह्वार मा फीय’, मुलीला भेटायला आले. ‘त्र्वा स्मेन’, तीन आठवडे. ‘शे मा फीय, आ लिओँ’, मुलीकडे, लिओँला. मुलगा असेल तर ‘मोँ फीस’, नुसतं फिरायला गेलात तर ‘आँ व्हाकाँस’. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर यजमानांनी तिथल्या नगरपालिकेतून काढलेलं ‘आतेस्तास्योँ दाकय’ हे पत्र मूळ प्रतीसह हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नको.

12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आहे. त्यामुळे दोन सूचना कानाला हव्यात: ‘रगार्दे इसी’, इथे बघा, आणि ‘ला मँ द्र्वात’, उजवा हात.

कस्टम आणि शेंगा चटणी

सोलापूरची बॅग उघडली की काय निघणार हे तुम्हाला-मला माहीत आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. आंबे, ताजा कढीपत्ता यांनाही रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो, तो आपल्याजवळ नसतो. शेंगा चटणी आणि कडक भाकरी कोरड्या आणि शेतातल्या, त्यांची अडचण येत नाही. चटणी मात्र चेक-इन बॅगेतच घाला, घट्ट बांधून.

विचारतील ते असं: ‘केल्क शोज़ आ देक्लारे?’ काही जाहीर करायचंय का? आणि पुडीकडे बोट दाखवून ‘केस क से?’ हे काय आहे? उत्तर: ‘से द ला पूद्र द काकावेत, आव्हेक द लाय ए द्यु पीमाँ’. शेंगदाण्याची पूड, लसूण आणि मिरची घातलेली. भाकरीसाठी ‘स सोँ दे गालेत द सोर्गो’, सोर्गो म्हणजे आपली ज्वारी. हे शब्द वहीत ठळक लिहा. दहा हजार युरो किंवा त्यावर रोख असेल तर ती जाहीर करावीच लागते.

खाणं

शाकाहारी बाईनं म्हणायचं ‘झ स्वी व्हेझेतारिएन’, पुरुषानं ‘व्हेझेतारिअँ’. पण नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका, नेमका प्रश्न विचारा: ‘एस किल्या द ला व्ह्याँद ददाँ?’ यात मांस आहे का? टाळायचे शब्द: झाँबोँ (डुकराचं मांस), लार्दोँ (त्याचेच बारीक तुकडे, कीश या अंड्याच्या खाऱ्या पायमध्ये लपलेले असतात), पूले (कोंबडी), तोँ (मासा). चीज म्हणजे ‘फ्रोमाझ’. भूक लागली आणि काहीच सुचलं नाही तर ‘पँ ओ शोकोला’ (आत चॉकलेट असलेला खुसखुशीत पाव) घ्या, अंडं चालत असेल तर. नसेल तर ‘साँ-ज़फ’ म्हणजे अंड्याविना, हे विचारा.

तब्येतीचं एक वाक्य वहीच्या मलपृष्ठावर असू द्या: ‘झे माल इसी’, इथे दुखतंय, आणि हात ठेवून दाखवा. तातडीचा फोन 112. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, तिथे पोचल्यावर ‘झे दमाँदे युन आसिस्ताँस’ म्हणा.

पुकारा आणि हरवलेली बॅग

पुकाऱ्यात सगळं कळायची गरज नाही. कान फक्त चार ठिकाणी टवकारा: तुमच्या फेरीचा नंबर, गावाचं नाव (मुंबईला ते ‘बोँबे’ही म्हणतात), ‘पोर्त’च्या पुढचं अक्षर-आकडा, आणि यातला एखादा शब्द: ‘आँ रतार’ म्हणजे उशीर, ‘आन्युले’ म्हणजे रद्द, ‘शाँझमाँ द पोर्त’ म्हणजे गेट बदललं, ‘देर्न्ये-रापेल’ म्हणजे शेवटची हाक. हा सराव आम्ही सोलापूर स्टेशनच्या बाकावर बसून केला. गाडीच्या घोषणेत नंबर, गाव आणि फलाट एवढंच पकडायचं, बाकी सोडून द्यायचं. दोन संध्याकाळी तेच केलं, मग घरी येऊन मोबाइलवर फ्रेंच घोषणा लावल्या. रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलवर सोप्या फ्रेंचमधल्या बातम्यांचा एक कार्यक्रम असतो, तोही रोज दहा मिनिटं लावा. कळलं नाही तरी आकडे वेचा.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आत तक्रार करा. ‘मा व्हालीज़ ने पा-ज़ारीव्हे’. पुढचा प्रश्न रंगाचा आणि आकाराचा: रूझ लाल, ब्लो निळी, न्वार काळी, ‘ग्राँद’ मोठी. बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये असला तर अर्धी वाक्यं वाचतात. तक्रारीची लेखी प्रत आणि तिच्यावरचा नंबर घेतल्याशिवाय उठू नका. माझी बॅग तिसऱ्या दिवशी दारात आली, ती त्या नंबरामुळेच.

शेवटच्या तीन दिवसांत नवीन काही शिकू नका. वही क्रमानं, डावी बाजू झाकून एकदा आणि उजवी झाकून एकदा. घरातल्या कुणाला तरी अधिकारी बनवा आणि उभ्यानं सराव करा, बसून केलेलं उभं राहिल्यावर आठवत नाही. आपल्याच गावचे डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि तिथे राहून चिनी शिकले, हे काकू वाड्यातल्या पोरांना सांगत असत. त्यांनी स्वतः एकवीस दिवसांत वहीची अकरा पानं केली.

लिओँहून त्यांचा आवाजी निरोप आला. कस्टमवाल्यानं चटणीची पुडी नाकाजवळ नेली आणि विचारलं, “पीमाँ?” त्या म्हणाल्या, “वुई मस्यो, पीमाँ. ए काकावेत.” त्यानं पुडी परत बॅगेत ठेवली आणि चेन स्वतः लावून दिली.